गढूळ पाणी निवळतें कसें?

पावसाळ्याच्या आरंभीं इंद्रायणीचें पाणी कसें दिसतें, हें मळवली, कार्ला, भाजे, पाटण, देवले ह्या गांवांच्या मुलांस सांगावयास नको. उन्हाळ्यांत ज्या डोहाचा तळ काठावरून दिसत होता, तोच डोह मृगाच्या दोन-चार सरी कोसळतांच चहासारखा तांबूस होतो. लोहगड व विसापूर यांच्या उतारांवरून, भातखाचरांच्या बांधांवरून आणि डोंगर फोडून केलेल्या नव्या वाटांवरून जी माती सुटते, ती ओढ्या-नाल्यांच्या वाटेनें नदींत येते. असें पाणी हंड्यांत भरून रात्रभर ठेविलें, तर सकाळीं तळाशीं थोडा साका दिसतो. पण वरचें पाणी मात्र तांबूसच राहतें. मग घरांतील वडील माणसें तुरटीचा खडा घेऊन पाण्यांत चार वेळां फिरवितात, आणि तास-दोन तासांत पाणी निवळतें.

ही गोष्ट इतकी नित्याची आहे कीं, तींत कांहीं विचार करण्यासारखें आहे असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. परंतु जी माती रात्रभरांत खालीं बसली नाहीं, ती तुरटी फिरवितांच एवढ्या लवकर कां बसली? तुरटीनें तिचें वजन वाढविलें काय? कीं तुरटीनें माती विरघळविली? ह्या साध्या प्रश्नाचें उत्तर शोधूं लागलें म्हणजे वाट थेट शहरांच्या पाणीपुरवठ्यापर्यंत, गुऱ्हाळापर्यंत, साखरेच्या कारखान्यापर्यंत आणि खाणींपर्यंत जाते. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं पावसाळ्यांतील पिण्याचें पाणी हा दरवर्षींचा काळजीचा विषय आहे. म्हणून ह्या प्रश्नाचा थोडा पद्धतशीर अभ्यास येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

कणांचा आकार आणि बसण्याचा वेग

माती पाण्याहून जड आहे. तिची घनता पाण्याच्या सुमारें अडीच पटींहून थोडी अधिक असते. तेव्हां मातीचा प्रत्येक कण तळाशीं गेलाच पाहिजे, असें कोणासही वाटेल. तो जातोही, पण किती वेळानें, हें त्याच्या आकारावर अवलंबून आहे. स्थिर पाण्यांत लहान कण पडूं लागला म्हणजे पाण्याचा चिकटपणा त्यास अडवितो, आणि कणाचा व्यास जसजसा कमी होतो तसतसा ह्या अडथळ्याचा प्रभाव वाढत जातो. स्टोक्स नांवाच्या शास्त्रज्ञानें एकोणिसाव्या शतकांत जो नियम मांडिला, त्याप्रमाणें अशा कणाचा पडण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणांत असतो. म्हणजे व्यास दहापट कमी झाला, तर वेग शंभरपट कमी होतो.

ह्या नियमाचा हिशेब करून पाहावा. भांड्यांतील पाण्याची खोली ३० सेंटीमीटर आहे असें समजूं. एक दशांश मिलिमीटर व्यासाचा बारीक वाळूचा कण एवढें अंतर सुमारें अर्ध्या मिनिटांत तोडील. एक शतांश मिलिमीटरच्या कणास सुमारें एक तास लागेल. एक सहस्रांश मिलिमीटरच्या कणास सुमारें चार दिवस लागतील. आणि त्याहूनही दहापट लहान कणास त्याच तळाशीं पोंचण्यास वर्षाहून अधिक काळ लागेल! रात्रभर ठेविलेल्या हंड्यांत तळाशीं दिसणारा साका हा वाळूचा व जाड मातीचा होय. वरचा तांबूसपणा हा चिकणमातीच्या अतिसूक्ष्म कणांचा आहे, आणि त्यांस बसावयास आपण वेळच देऊं शकत नाहीं.

येथें आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे. पदार्थाचे बारीक तुकडे केले म्हणजे त्याचा पृष्ठभाग अफाट वाढतो. एक सेंटीमीटर बाजूच्या घनाचा पृष्ठभाग अवघा सहा चौरस सेंटीमीटर असतो. त्याच घनाचे एक सहस्रांश मिलिमीटर बाजूचे लहान लहान घन केले, तर त्या सर्वांचा मिळून पृष्ठभाग सहा चौरस मीटर होतो. म्हणजे बोटाच्या पेरावर मावणाऱ्या वस्तूचा पृष्ठभाग एका लहान खोलीच्या जमिनीएवढा होतो. एवढ्या लहान कणांच्या बाबतींत वजनापेक्षां पृष्ठभागावर काय घडतें, यासच महत्त्व येतें. अशा स्थितींतील पदार्थांस ‘कलिल’ असें म्हणतात. टॉमस ग्रॅहम ह्या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञानें इ. स. १८६१ मध्यें ह्या वर्गास स्वतंत्र नांव दिलें, आणि तेव्हांपासून त्याचा निराळा अभ्यास होऊं लागला.

कण एकत्र कां येत नाहींत?

आतां कोणी विद्यार्थी विचारील कीं, एकेक कण लहान असला तरी दहा-वीस कण एकमेकांस चिकटून मोठा कण कां होत नाहीं? प्रश्न अगदीं योग्य आहे. पाण्यांतील सूक्ष्म कण स्वस्थ नसतात. पाण्याचे अणुगट त्यांस चोहोंकडून धक्के देत असल्यामुळें ते सारखे इकडून तिकडे हलत असतात. रॉबर्ट ब्राउन ह्या वनस्पतिशास्त्रज्ञानें इ. स. १८२७ मध्यें परागकणांतून निघालेल्या सूक्ष्म कणांची ही चळवळ सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिली होती. म्हणजे कण एकमेकांजवळ वारंवार येतात. शिवाय दोन कण अगदीं जवळ आले, तर त्यांच्यांत परस्परांस ओढण्याची शक्तीही असते. असें असूनही ते चिकटत नाहींत.

ह्याचें कारण विद्युद्भार होय. चिकणमातीच्या कणांवर पाण्यामध्यें साधारणतः ऋण विद्युद्भार असतो. प्रत्येक कणाभोंवतीं पाण्यांतील क्षारांच्या धन भारांचें एक विरळ वेष्टन तयार होतें. दोन कण जवळ येऊं लागले म्हणजे हीं वेष्टनें एकमेकांस भिडतात व कण दूर लोटले जातात. लोकरीनें घासलेले दोन फुगे दोऱ्यानें शेजारीं शेजारीं टांगले, तर ते एकमेकांपासून दूर सरतात, हें विद्यार्थ्यांनीं पाहिलें असेल. तोच प्रकार येथें आहे. जवळ आल्यास चिकटण्याची तयारी आहे. पण जवळ येऊंच दिलें जात नाहीं. म्हणून गढूळ पाणी गढूळच राहतें.

तेव्हां पाणी निवळविण्यासाठीं दोन गोष्टी केल्या पाहिजेत. पहिली ही कीं, कणांमधील हा दुरावा नाहींसा करावयाचा. दुसरी ही कीं, कणांस एकमेकांशीं भेटण्याची पुरेशी संधि देऊन त्यांचे मोठे पुंजके बनवावयाचे. पुंजका झाला म्हणजे त्याचा व्यास वाढतो, आणि वर सांगितलेल्या नियमानें तो झपाट्यानें खालीं बसतो. ह्या सर्व क्रियेस आम्ही ह्या लेखांत ‘पुंजके धरणें’ असें साधें नांव देतों.

तुरटी काय करते?

बाजारांत मिळणारी पांढरी तुरटी ही पोटॅशियम व ॲल्युमिनियम ह्या दोन धातूंचें संयुक्त सल्फेट आहे. पाणी शुद्ध करण्याच्या केंद्रांत बहुधा नुसतें ॲल्युमिनियम सल्फेट वापरतात. त्यासही व्यवहारांत तुरटीच म्हणतात. दोहोंमध्यें काम करणारा भाग एकच, आणि तो म्हणजे ॲल्युमिनियम.

ॲल्युमिनियमच्या आयनावर तीन धन भार असतात. मिठांतील सोडियमवर एक व चुन्यांतील कॅल्शियमवर दोन असतात. शुल्झे यांनीं इ. स. १८८२ मध्यें व हार्डी यांनीं इ. स. १९०० मध्यें प्रयोग करून असें दाखविलें कीं, भारांची संख्या वाढली म्हणजे पुंजके धरविण्याची शक्ति केवळ दुप्पट-तिप्पट होत नाहीं, तर कित्येक पटींनीं वाढते. पुढें ह्या विषयाचें गणित बसविण्यांत आलें, तेव्हां आदर्श स्थितींत हें प्रमाण १, ६४ व ७२९ असें निघालें. म्हणजे जें काम करावयास मूठभर मीठ लागेल, तें चिमटीभर तुरटीनें होतें. तुरटी कणांच्या ऋण भाराचें निराकरण करते आणि त्यांच्यामधील दुरावा मोडते.

तुरटीचें दुसरें कार्य ह्याहूनही उपयोगाचें आहे. नदीच्या पाण्यांत विरघळलेलीं बायकार्बोनेटें असतात. त्यामुळें पाण्यास थोडा अल्कधर्मी गुण असतो. तुरटी त्यांच्याशीं संयोग पावून ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड नांवाचा, पाण्यांत न विरघळणारा, लिबलिबीत पदार्थ तयार होतो व कार्बन डाय-ऑक्साइड वायु सुटतो. हा लिबलिबीत पदार्थ बर्फाच्या भुसभुशीत पिसांसारखा पाण्यांत तरंगूं लागतो. तो खालीं उतरतांना कोळ्याच्या जाळ्याप्रमाणें वाटेंत सांपडलेल्या मातीच्या कणांस, शेवाळाच्या तंतूंस आणि पुष्कळशा रोगजंतूंसही आपल्यांत गुंतवून तळाशीं नेतो. हंड्यांत तुरटी फिरविल्यावर कांहीं वेळानें पाण्यांत कापसासारखे पुंजके दिसतात, ते हेच.

ह्यावरून एक व्यावहारिक बोध निघतो. पाण्यांत अल्कधर्मी गुण अगदींच कमी असेल, तर हा पदार्थ नीट तयार होत नाहीं. मुसळधार पावसाचें पाणी नदींत मिसळलें म्हणजे विरघळलेले क्षार विरळ होतात. अशा वेळीं शुद्धिकेंद्रांत तुरटीबरोबर थोडा चुनाही घालावा लागतो. उलट तुरटी गरजेहून अधिक घातली, तर पाणी आंबट होतें, कणांवर धन भार चढून ते पुन्हां एकमेकांस दूर लोटूं लागतात, आणि ॲल्युमिनियमचा अंश पाण्यांत शिल्लक राहतो. भारतीय मानकाप्रमाणें पिण्याच्या पाण्यांत ॲल्युमिनियम लिटरमागें ०.०३ मिलिग्रॅमपर्यंत असावें, व दुसरी सोय नसेल तेव्हांही ०.२ मिलिग्रॅमच्या पुढें जाऊं नये. अधिक तुरटी म्हणजे अधिक शुद्ध पाणी, ही समजूत खरी नव्हे.

आपल्या पूर्वजांचीं साधनें

तुरटीशिवाय पाणी निवळविण्याचे दुसरे उपाय आपल्या देशांत फार प्राचीन काळापासून माहीत आहेत. निर्मळी नांवाच्या झाडाचें बीं मातीच्या घागरीस आंतून घासून तींत गढूळ पाणी भरावयाचें, ही रीत पूर्वी सर्वत्र होती. संस्कृतांत ह्या झाडास ‘कतक’ म्हणतात. सुश्रुतसंहितेंत पाण्याचा गढूळपणा घालविणारीं सात साधनें सांगितलीं आहेत, त्यांत कतक, गोमेद, कमळाचे कंद, शेवाळाचें मूळ, वस्त्र, मोतीं व मणि यांचा समावेश आहे. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायांतही कतकाच्या फळाचा दाखला येतो. त्याचा आशय असा कीं, नुसत्या नांवानें कार्य होत नसतें, कृति करावी लागते. दाखला धर्माचरणाचा असला तरी, तो देणाऱ्यास व ऐकणाऱ्यास कतकाचा गुण चांगला परिचित होता, हें त्यावरून उघड होतें.

शेवग्याच्या शेंगांतील पिकलेल्या बियांतही असाच गुण आहे. बीं सोलून आंतील पांढरा मगज बारीक वाटावा, थोड्या पाण्यांत कालवून फडक्यांतून गाळून घ्यावा आणि तें दुधाळ पाणी गढूळ पाण्यांत ढवळावें. ह्या बियांत धन भार असलेलीं प्रथिनें असतात. तीं मातीच्या ऋण भाराच्या कणांस एकत्र आणतात. आफ्रिकेंत नाईल नदीच्या कांठीं सुदान देशांतील स्त्रिया ह्या रीतीनें पाणी निवळवीत असत. मात्र बियांतील सेंद्रिय अंश पाण्यांत राहत असल्यामुळें असें पाणी फार वेळ ठेवूं नये. त्याच दिवशीं वापरावें.

गुऱ्हाळ आणि साखर कारखाना

पुंजके धरविण्याची हीच विद्या आपल्या शेतकऱ्यांस निराळ्या रूपानें अवगत आहे. उंसाचा रस चरकांतून निघतो, तेव्हां तो काळपट-हिरवट व गढूळ असतो. त्यांत भुशाचे तंतु, मातीचे कण, मेण, प्रथिनें व रंगद्रव्यें असतात. हा रस काहिलींत तापूं लागला म्हणजे गुळव्या त्यांत थोडी चुन्याची निवळी आणि भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतो. भेंडीचीं खोडें ठेचून पाण्यांत चोळलीं म्हणजे हा बुळबुळीत रस सुटतो. तो काहिलींत पडतांच मळ एकत्र येऊं लागतो, वाफेच्या व हवेच्या बुडबुड्यांबरोबर वर चढतो आणि जाड मळी होऊन तरंगतो. गुळव्या ती झाऱ्यानें काढून टाकतो. मळी जितकी वेळेवर व जितकी स्वच्छ निघेल, तितका गूळ पिवळा व टिकाऊ होतो. येथें पुंजके खालीं न बसतां वर येतात, एवढाच काय तो फरक.

साखरेच्या कारखान्यांत हेंच काम मोठ्या प्रमाणावर व मोजून-मापून होतें. मावळ व मुळशी भागांतील ऊंस ज्या कारखान्याकडे जातो, तो कासारसाई-दारुंब्रे येथील संत तुकाराम सहकारी साखर कारखाना आमच्या वाचकांस ठाऊक असेलच. आपल्याकडील पांढरी साखर करणाऱ्या कारखान्यांत सामान्यतः अशी रीत असते: रस सुमारें ७० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापवितात, त्यांत चुन्याची निवळी व गंधकाचा धूर यांचा संयोग घडवितात, रस उदासीन, म्हणजे आम्लही नाहीं व अल्कलीही नाहीं, अशा स्थितीस आणतात, मग तो उकळीपर्यंत तापवून मोठ्या निवळटांक्यांत सोडतात. चुना, रसांतील फॉस्फेट व गंधकाचा वायु यांच्या संयोगानें जे सूक्ष्म कण बनतात, ते मळास आपल्याबरोबर घेऊन खालीं बसतात. वरचा निवळ रस पुढें आटविण्यास जातो. तळाचा गाळ गाळून घेतल्यावर जी ‘प्रेसमड’ उरते, ती शेताला खत म्हणून उपयोगी पडते.

चुन्याचें प्रमाण येथें फार जपावें लागतें. चुना कमी पडला, तर रस आंबट राहून साखरेचा नाश होतो. अधिक झाला, तर रस काळवंडतो. शेतकऱ्याच्या वर्षभराच्या श्रमाचें मोल कांहीं मिनिटांच्या ह्या क्रियेवर अवलंबून असतें.

लांब साखळ्यांचे पदार्थ

विसाव्या शतकांत रसायनशास्त्रज्ञांनीं पुंजके धरविण्याचें आणखी एक प्रभावी साधन तयार केलें. पॉलिॲक्रिलामाइड नांवाचा हा पदार्थ म्हणजे हजारों लहान घटक एकापुढें एक जोडून केलेली अतिशय लांब साखळी होय. पाण्यांत ती उलगडते. तिचें एक टोंक एका कणास चिकटतें, मधला भाग दुसऱ्यास, दुसरें टोंक तिसऱ्यास; अशा रीतीनें ती कणांमध्यें पूल बांधते. भेंडीचा चिकट रसही लांब साखळ्यांचाच असतो. तेव्हां गुळव्याची युक्ति व आधुनिक कारखान्याची युक्ति ह्यांत मूलतत्त्वाचा भेद नाहीं. दहा लक्ष भाग द्रवास दोन-तीन भाग एवढी अल्प मात्राही पुष्कळदां पुरते.

खनिजें धुणाऱ्या कारखान्यांत ह्याचा मोठा उपयोग होतो. लोखंडाचें खनिज, कोळसा किंवा काचेची वाळू धुतली म्हणजे लाल, काळें किंवा पांढरें गढूळ पाणी निघतें. तें तसेंच सोडलें, तर ओढे गाळानें भरतात आणि खालच्या शेतांत चिकण थर बसतो. पाणी मोठ्या वर्तुळाकार टांक्यांत घेऊन त्यांत अशा साखळ्या मिसळल्या म्हणजे गाळ लवकर बसतो, निवळ पाणी पुन्हां धुण्यास वापरतां येतें आणि गाळ वेगळा हाताळतां येतो. कागदाच्या गिरणींतही लगद्यांतील बारीक तंतु व भरणीची पांढरी माती पाण्याबरोबर वाहून जाऊं नये, म्हणून अशीच योजना करितात.

दोन गोष्टी मात्र संभाळाव्या लागतात. ह्या साखळ्या फार जोरानें ढवळल्यास तुटतात, आणि एकदां तुटल्या कीं पुन्हां जुळत नाहींत. दुसरें असें कीं, ज्या मूळ घटकापासून ही साखळी बनते, तो ॲक्रिलामाइड विषारी आहे. म्हणून पिण्याच्या पाण्यासाठीं हा पदार्थ वापरावयाचा झाल्यास त्यांत तो मूळ घटक अत्यल्प असला पाहिजे, असा कडक नियम असतो.

शहराचें पाणी

आपल्या मावळांतील पवना धरण इ. स. १९७२ मध्यें पूर्ण झालें. धरणांतून सोडलेलें पाणी पवना नदीनेंच खालीं जातें. रावेत येथील बंधाऱ्याजवळ तें उचलून पिंपरी-चिंचवड शहरासाठीं निगडी येथील जलशुद्धिकेंद्रांत नेतात. अशा केंद्रांत पाण्याचा प्रवास कसा होतो, तें पाहूं.

प्रथम आलेल्या पाण्यांत तुरटीचें अथवा तत्सम ॲल्युमिनियमच्या क्षाराचें द्रावण सोडून एखाद्या मिनिटांत फार वेगानें मिसळतात. रसायन पाण्याच्या कणाकणापर्यंत पोंचावें, हा त्याचा हेतु. नंतर रुंद टांक्यांत मोठीं पातीं सुमारें अर्धा तास अगदीं मंद फिरवितात. येथें पुंजके वाढतात. वेग अधिक झाला तर ते फुटतील, अगदींच कमी झाला तर ते एकमेकांस भेटणार नाहींत. त्यानंतर पाणी दोन-चार तास निवळटांकींत संथ राहतें व पुंजके तळाशीं बसतात. जे थोडे सूक्ष्म पुंजके राहतात, ते वाळूच्या थरांतून गाळतांना अडकतात. शेवटीं क्लोरीन मिसळून पाणी नळावाटे घरोघर जातें.

नदीचा गढूळपणा रोज सारखा नसतो; पावसाळ्यांत तो एका रात्रींत कित्येक पटींनीं वाढतो. म्हणून केंद्रांतील रसायनशास्त्रज्ञ सहा काचपात्रांत तेंच पाणी घेऊन प्रत्येकांत तुरटीची वेगळी मात्रा घालतो, सर्व पात्रें एकाच वेगानें ढवळतो आणि कोणत्या पात्रांतील पाणी सर्वांत कमी तुरटींत उत्तम निवळतें, तें पाहतो. त्या दिवसाची मात्रा त्यावरून ठरते. हजारों कुटुंबांचें पाणी अशा सहा साध्या भांड्यांच्या निरीक्षणावर चालतें, हें विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवावें.

समुद्राची तुरटी

जी माती हंड्यांत बसली नाहीं व धरणांतही अडली नाहीं, तिचें पुढें काय होतें? इंद्रायणी देहू व आळंदीवरून जाऊन तुळापुराजवळ भीमेस मिळते. भीमेवर सोलापूर जिल्ह्यांत उजनीचें मोठें धरण आहे. तेथील संथ पाण्यांत बराच गाळ बसतो. उरलेली अतिसूक्ष्म माती भीमेंतून कृष्णेंत व कृष्णेंतून पूर्व समुद्रास जाते. समुद्राचें पाणी खारट आहे. त्यांतील क्षारांचे धन भार कणांभोंवतींचें वेष्टन दाबून टाकतात, कणांतील दुरावा मोडतो आणि इतका लांबचा प्रवास करून आलेली माती मुखाजवळ पुंजके धरून खालीं बसूं लागते. नद्यांच्या मुखाशीं सुपीक गाळाचे जे प्रदेश बनतात, त्यांच्या निर्मितीस प्रवाहाचें मंदावणें हें एक कारण, व समुद्राचें हें मीठ दुसरें कारण होय.

निवळ पाणी आणि शुद्ध पाणी

आतां आम्ही पालकांचें लक्ष एका महत्त्वाच्या गोष्टीकडे वेधूं इच्छितों. निवळ पाणी व शुद्ध पाणी हे दोन वेगळे शब्द आहेत, व त्यांचे अर्थही वेगळे आहेत. पुंजके धरविण्याच्या क्रियेनें पाण्यांत तरंगणारे कण जातात. विरघळलेले पदार्थ जात नाहींत. मीठ, साखर, खतांतील नायट्रेट, साबण-सोड्याचे अंश हे तुरटीनें दूर होत नाहींत. अलीकडील वर्षांत आळंदीजवळ इंद्रायणीवर वारंवार पांढरा फेंस दिसला आहे. वस्त्यांचें व कारखान्यांचें मैलापाणी प्रक्रिया न होतां नदींत येतें, हें त्याचें कारण सांगण्यांत येतें. त्या फेंसावर तुरटीचा उपाय नाहीं. मैलापाणी नदींत येऊं न देणें, हाच त्यावर उपाय.

रोगजंतूंचेंही तसेंच. तुरटीनें पुष्कळ जंतु गाळाबरोबर खालीं जातात, पण सर्व जात नाहींत. आणि रोग होण्यास थोडे जंतुही पुरतात. म्हणून निवळलेलें पाणी उकळणें किंवा त्यांत योग्य प्रमाणांत क्लोरीन घालणें अवश्य आहे. उलट, गढूळ पाण्यांतच औषध टाकून भागत नाहीं. मातीच्या कणांच्या आड जंतु लपून राहतात, व सेंद्रिय मळ क्लोरीनचा बराच अंश खाऊन टाकतो. म्हणून ग्रामपंचायतीच्या विहिरींत टी.सी.एल. पावडर पडली, एवढ्यावर समाधान मानूं नये. पाणी आधीं निवळलें पाहिजे, मग क्लोरीन मिसळला पाहिजे, आणि मिसळल्यावर निदान अर्धा तास गेला पाहिजे. त्यानंतर पाण्यांत लिटरमागें ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा, असें भारतीय मानक सांगतें. गढूळपणाही एका एककाच्या आंत असावा, व दुसरी सोय नसेल तेव्हांही पांच एककांच्या पुढें जाऊं नये, असा दंडक आहे.

इ. स. २०२५ च्या जानेवारींत पुणें येथें, विशेषतः सिंहगड रस्त्याच्या बाजूस, जीबीएस नांवाच्या मज्जातंतूंच्या आजाराचे बरेच रोगी आढळले, तेव्हां तेथील पिण्याच्या पाण्याची तपासणी हाती घ्यावी लागली. पाणी दिसावयास स्वच्छ आहे, एवढ्यानें निर्धास्त राहतां येत नाहीं, ही गोष्ट त्या वेळीं कित्येक कुटुंबांस नव्यानें कळली. आपल्या भागांतील वाड्या-वस्त्यांवर अजूनही झरे, ओढे व उघड्या विहिरी यांवर अवलंबून राहणारीं घरें आहेत. त्यांच्यासाठीं हें ज्ञान केवळ परीक्षेपुरतें नव्हे.

घरीं करून पाहण्याचा प्रयोग

एकसारख्या चार काचेच्या बरण्या घ्याव्या. बादलीभर गढूळ पाणी ढवळून प्रत्येकींत एकेक लिटर भरावें. पहिलींत कांहीं घालूं नये. दुसरींत चमचाभर मीठ घालावें. तिसरींत तुरटीचें द्रावण घालावें. तें करण्यासाठीं एक ग्रॅम तुरटीची पूड १०० मिलिलिटर पाण्यांत विरघळवावी व त्यांतील सुमारें सात मिलिलिटर घ्यावें. चौथींत शेवग्याच्या एका बियाचा मगज वर सांगितल्याप्रमाणें वाटून व गाळून घालावा. सर्व बरण्या प्रथम एक मिनिट जोरानें व नंतर दहा मिनिटें अगदीं हळू ढवळाव्या. मग त्या न हलवितां ठेवून द्याव्या. दर पंधरा मिनिटांनीं बरणीमागें छापील कागद धरून अक्षरें कितपत दिसतात, तें वहींत लिहावें. दोन तासांनंतर चारही बरण्यांतील साक्याची उंची पट्टीनें मोजावी. प्रयोगाचें पाणी पिऊं नये, झाडांस घालावें.

हंड्यासाठीं प्रमाण हवें असेल, तर १५ लिटर पाण्यास सुमारें एक ग्रॅम तुरटी, म्हणजे चिमूटभर पूड, बहुधा पुरते. पाणी फार गढूळ असल्यास थोडी अधिक लागेल. निवळल्यावर वरचें पाणी हळूच दुसऱ्या भांड्यांत ओतून घ्यावें, तळाचा साका टाकून द्यावा, आणि घेतलेलें पाणी खळखळून उकळी आणूनच प्यावें.

शेवटीं विद्यार्थ्यांनीं स्वतः विचार करावा असे तीन प्रश्न देऊन हा लेख पुरा करितों. दुधांत लिंबू पिळलें असतां दूध नासतें, त्याचें ह्या लेखांतील कोणत्या क्रियेशीं साम्य आहे? मिठाच्या बरणीपेक्षां तुरटीच्या बरणींत पाणी लवकर कां निवळलें? आणि आपल्या गांवची जी माती दरवर्षीं इंद्रायणींत जाते, ती पाण्यांत जाण्यापूर्वीच शेतांत कशी अडवितां येईल? तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर वहींत लिहून थांबूं नये. घरच्या वडील मंडळींस विचारावें, आणि बांधावर एकदां त्यांच्याबरोबर उभें राहून पाहावें.